खऱ्या तारखेचा माणूस

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या त्या घरात मी भाड्याने राहायला गेलो, त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी घरमालकीणबाई एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या फोटोला ओवाळत होत्या. मी बेसमेंटमधून चहासाठी वर आलो होतो. डायनिंग टेबलावर एक फ्रेम उभी केलेली, तिच्यापुढे शिऱ्याची वाटी, आणि काकू हातात तबक धरून निरांजन फिरवताहेत. फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर पोस्टमनची टोपी होती आणि मिशी एका बाजूने खाली ओघळलेली. त्यांचे यजमान, म्हणजे काका, शेजारी हात मागे बांधून उभे होते, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?" मी विचारलं. मी नागपूरचा. गोंधळलो की माझी भाषा आणखी नागपुरी होते.

"वाढदिवस," काका म्हणाले. "बस तिथे. बोलू नकोस, अजून माझा भाग राहिलाय."

काकूंनी फ्रेमवर अक्षता टाकल्या आणि बाजूला झाल्या. मग पंचाहत्तरीकडे झुकलेल्या या गृहस्थांनी टोपी नसताना टोपी सावरली, फ्रिजच्या दारावर टकटक केलं आणि जाड्याभरड्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी विचारलं. फ्रिजने अर्थातच उत्तर दिलं नाही. काकांनी चेहरा पाडला, खांद्यावरची नसलेली पिशवी सारखी केली आणि ते ओव्हनकडे गेले. चुकीच्या घरी पत्र टाकणारा पोस्टमन. हे काम फोटोतला तो ब्रिटिश नट रेडिओवर वर्षानुवर्षं करत असे, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं, भाडं आगाऊ देऊन आपण फसलो.

"तुम्हाला समजतं का हे सगळं?" मी काकूंना हळूच विचारलं.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या. "शिरा घे. गरम आहे तोवर बरा लागतो."

काका ज्यांचे वाढदिवस करत त्या मंडळींची खरी नावं मला कधी धड उच्चारता आली नाहीत, आणि काकाही ती क्वचितच घेत. त्यांच्या तोंडी पोस्टमन, शिट्टीवाला, हवामानवाला, पाहुण्यांचा अपमान करणारी बाई अशीच नावं असायची. सगळे एकजात ब्रिटिश. कोणी रेडिओवरचा, कोणी टीव्हीवरचा, कोणी रंगभूमीवरचा. मध्येच एक खासदारही होता, जो काकांच्या मते चुकून राजकारणात गेलेला नट होता. जुन्या मासिकांतून कापलेले त्यांचे फोटो फ्रेम करून बेसमेंटच्या भिंतीवर, म्हणजे माझ्या पलंगासमोर टांगलेले होते. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्या अपमान करणाऱ्या बाईचं. ऑफिसात माझा दिवस कसा जाणार याचा अंदाज मला तिच्या चेहऱ्यावरून यायचा.

तारखा मात्र काकांनी कुठेही लिहून ठेवल्या नव्हत्या. सगळ्या डोक्यात. सकाळी खाली येऊन ते एखादी फ्रेम काढून न्यायचे, म्हणजे आज कोणाचा तरी दिवस आहे हे मला कळायचं.

नियम कडक होते. माणूस जिवंत असेल तर वाढदिवस; म्हणजे शिरा आणि ओवाळणं. गेलेला असेल तर जयंती. म्हणजे फ्रेमला हार, आणि चहाबरोबर नुसती बिस्किटं. नक्कल दोन्ही दिवशी. एकदा हार घातलेल्या शिट्टीवाल्यापुढे मी आपला सवयीने 'हॅपी बर्थडे' म्हणून गेलो, तर काकांनी बिस्किटांची बशी माझ्यासमोरून उचलली. तारखेबाबत तर ते फारच काटेकोर. दोन पुस्तकांत दोन तारखा सापडल्या तर खरी कोणती ते ठरेपर्यंत तो नट भिंतीवर नुसता टांगलेला राहायचा, त्याला ना शिरा ना बिस्किट.

माझ्या ऑफिसात महिन्याभराचे सगळे वाढदिवस एकाच शुक्रवारी, एकाच केकवर उरकत. हे मी एकदा सहज सांगितलं.

"एकाच केकवर?" काकांनी चष्मा काढला. "आणि ज्याचा महिनाअखेरीला आहे त्याचं काय?"

"तोही त्यातच अ‍ॅडजस्ट होतो, काका."

"अ‍ॅडजस्ट! अरे, या देशाने आपल्या राष्ट्राध्यक्षांचे वाढदिवससुद्धा सोमवारी ढकललेत. कशासाठी? तर लाँग वीकएंड मिळावा म्हणून." मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य बोलले. "वाढदिवस ही गंमत नाही. त्या दिवशी एक माणूस नव्हता, तो झाला. असला दिवस अंदाजाने कसा धरायचा?"

हे वाक्य मी त्या घरात इतक्या वेळा ऐकलं की अजून ऑफिसात केक कापताना आठवतं. आता मी ईडन प्रेरी नावाच्या दुसऱ्या गावात राहतो. इथेही शुक्रवारीच कापतात.

काका मूळचे मिरजेचे. तरुणपणी इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या एका गावी नोकरीला गेले आणि एका विधवा बाईंच्या घरात खोली घेऊन राहिले. पहिला हिवाळा त्यांनी कसाबसा काढला. कोणी बोलायला नाही, जेवण गिळवत नाही, खोलीतला हीटर नाणं टाकल्याशिवाय पेटत नाही. त्या बाईंना रेडिओचं वेड होतं. रेडिओवरच्या कोणा आवडत्या नटाचा वाढदिवस असला की त्या केक करत, घरातल्या सगळ्या भाडेकरूंना खाली बोलावत आणि टेबलावर त्या नटाच्या नावाची एक बशी मांडत. एकदा त्यांनी काकांना त्यांची जन्मतारीख विचारली. काकांनी सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू हवामानवाल्याच्या नंतर आणि शिट्टीवाल्याच्या आधी." आणि त्या दिवशी खरोखरच खाली केक होता, बशी काकांच्या नावाची होती.

"त्या गावात मी त्या दिवशी झालो," काका मला एकदा म्हणाले. गवत कापण्याचं मशीन पुसत होते, त्यामुळे माझ्याकडे बघावं लागलं नाही. "तोवर मी तिथे होतो हे कोणाला ठाऊक होतं?"

मग मुंबईत लग्न झालं, अमेरिकेतल्या मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली, श्रूजबरीत घर झालं. केकचा शिरा झाला, बशीचं तबक झालं. ओवाळणं काकूंकडे आलं, कारण पुरुष ओवाळत नाहीत.

आता काकूंबद्दल. काकू सांगलीकडच्या एका खेड्यातल्या. त्यांचा वाढदिवस एक जून. त्यांच्या भावंडांचाही एक जून. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, जन्म कधीचा? वडील म्हणाले, लिहा तुम्हीच. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय हिशोबात बसायला हवं, गुरुजींनी एक जून लिहून टाकलं. आपल्याकडे त्या पिढीत घरटी एक तरी माणूस एक जूनचा सापडतोच. एकदा मी काकूंना आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना फ्लूची लस टोचून घ्यायला घेऊन गेलो. काउंटरवरच्या मुलीने एकीची जन्मतारीख विचारली, दुसरीची विचारली, तिसरीची विचारली आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

"आर दे ट्रिप्लेट्स?"

"येस येस," काकू म्हणाल्या. "सेम टीचर."

तर अशा या काकूंच्या एक जूनला काका काय करत? गवत कापत. मी राहायला गेल्यानंतरचा पहिला एक जून मला चांगला आठवतो. शुगर लँड नावाच्या गावी राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फुलं पाठवली, फोन केला. मी केक आणला. मैत्रिणी संध्याकाळी ढोकळा घेऊन आल्या. काका सकाळी मशीन घेऊन जे बाहेर पडले ते पुढचं अंगण, मागचं अंगण आणि शेजारच्या म्हातारीचंही अंगण कापून, सगळं आटोपल्यावर आत आले. केक खाल्ला नाही. ढोकळा खाल्ला, "कारण तो कशानिमित्त नाही," असं म्हणाले.

मला राग आला. "काका, एक दिवस केक खाल्ला असता तर काय बिघडलं असतं?"

"खोटा दिवस आहे तो," काका म्हणाले. "गुरुजींच्या सोयीचा. मी हिचा खोटा वाढदिवस करणार नाही. खरा सापडला तर गाव जेवायला घालीन."

काकू तिथेच होत्या. त्या फुलांचं पाणी बदलायला आत गेल्या. नंतर मी भांडी विसळत होतो तेव्हा म्हणाल्या, "यांनी शोधली रे खरी तारीख. नाही असं नाही. इंडियाला गेलो होतो तेव्हा माझ्या दादाला जाऊन विचारलं. दादा म्हणाला, आपली कपिला गाय व्याली त्याच आठवड्यातली ही. तर हे विचारतात, गाईची तारीख कुठे मिळेल?"

मी हसलो. काकूही हसल्या, मग ओटा पुसायला लागल्या.

"तारीख नसली तर नसू दे. मी काय शाळेत जायची राहिलेय? पण त्या पोस्टमनची मिशी कुठल्या बाजूला किती वाकडी हे यांना ठाऊक. त्याला ओवाळते मी, शिरा ढवळते मी. माझ्याकडे कधी बघितलंय का यांनी? साडी बदलली तरी कळत नाही."

मला फार वाईट वाटलं. काका वाईट माणूस नव्हते, हीच त्यातली पंचाईत होती. वाईट असते तर आम्हाला दोघांना मिळून त्यांना नावं तरी ठेवता आली असती.

नकलांबद्दल सांगायचं राहिलं. काका नक्कल उत्तम करत. मला त्यातले विनोद कळत नसत, तरी माणूस समोर उभा राहायचा. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? ते म्हणाले, आवाज काढणं सोपं आहे, कोणीही काढतो. "माणूस काम करत नसतो तेव्हा काय करतो ते बघायचं. त्याला वर्षं लागतात. आणि ज्याचा कंटाळा येतो त्याची नक्कल होत नाही."

पोस्टमन त्यांचा सर्वांत लाडका. तो नट आता फार म्हातारा झाला होता आणि काकांच्या भिंतीवर बिनहाराच्या ज्या मोजक्या फ्रेमा उरल्या होत्या, त्यांतली एक त्याची होती. दर वाढदिवसाला काका म्हणत, "अजून शिरा चालू आहे बुवा याचा."

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात तो गेला. बातमी माझ्याच कॉम्प्युटरवर आली. काका कॉम्प्युटरला हात लावत नसत, म्हणून मी लॅपटॉप वर नेला आणि त्यांना मृत्युलेख वाचून दाखवायला बसलो. काकू समोर फरसबीच्या शिरा काढत होत्या. काका डोळे मिटून ऐकत होते. पहिली भूमिका, रेडिओ, पोस्टमन, सगळं त्यांना पाठ होतं. मधूनमधून ते माझ्याआधीच वाक्य पुरं करत. मग एक परिच्छेद आला जो त्यांना पाठ नव्हता. त्यात लिहिलं होतं की या नटाची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती. तान्हा असताना त्याला कोणीतरी चर्चच्या पायरीवर ठेवून गेलं. अनाथाश्रमातल्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला हवं म्हणून एक तारीख लिहिली. आयुष्यभर तीच त्याची.

काकांनी डोळे उघडले. "परत वाच."

मी परत वाचलं. खोलीत फक्त फरसबी मोडल्याचा आवाज येत होता.

"त्याच्या गुरुजींनीच लिहिली म्हणायची," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी नीट बघितलं.

काका उठून मागच्या अंगणात गेले. गवत दोनच दिवसांपूर्वी कापलेलं होतं, त्यामुळे तिथे करण्यासारखं काही नव्हतं. ते नुसते कुंपणापाशी उभे राहिले. जेवायला आले ते भात चिवडत बसले. मला भीती वाटली की आता ते खाली येऊन पोस्टमनची फ्रेम भिंतीवरून उतरवणार. त्यांच्या नियमात दुसरं काही बसतच नव्हतं.

"इतकी वर्षं," ते शेवटी म्हणाले. "इतकी वर्षं आपण त्याचा भलत्याच दिवशी वाढदिवस केला."

"भलत्याच कसा?" काकूंनी त्यांच्या पानात कढी वाढली. "मी ओवाळलंय त्याला. दर वर्षी, त्याच दिवशी. दिवा काय खोटा लावत होते? तो दिवस त्याचा नसेल तर मग कुणाचा?"

एवढं बोलून काकू थांबल्या. आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी कढीचं भांडं उगाचच परत गॅसवर ठेवलं. माझ्या तोंडावर आलं होतं, काका, मग काकूंचं काय? पण काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पापड मोडून तोंडात टाकला. मागून घेतलेला वाढदिवस त्यांना नको होता.  काकांनी कढी दोनदा घेतली.

दुसऱ्या दिवशी ते हार घेऊन बेसमेंटमध्ये आले. पोस्टमनच्या फ्रेमला तो घातला, थोडं मागे सरून बघितलं आणि वर गेले.

एक जून आला. सकाळी मला जाग आली ती शांततेने. मशीनचा आवाज नव्हता. वर गेलो तर स्वयंपाकघरात धूर. काका रवा भाजत होते, म्हणजे करपवत होते. काकू दारात उभ्या होत्या, कारण त्यांना आत यायला बंदी होती.

"अहो, गॅस बारीक करा! माझी कढई जाळाल!"

"तू बस," काका म्हणाले. "तिथे नको. त्या खुर्चीवर, खिडकीकडे तोंड करून. पूर्व तिकडे आहे."

काकू बसल्या. त्या अजून रोजच्याच साडीत होत्या, वर घरात घालायचा स्वेटर. काकांनी तबक आणलं. त्यात निरांजन होतं, अक्षता होत्या, सुपारी होती, आणि त्यांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून ठेवली होती. सगळं होतं, पण पुढे काय करायचं ते त्यांना येत नव्हतं. जन्मभर त्यांनी ओवाळणं शेजारी उभं राहून बघितलं होतं. त्यांनी थेट निरांजनच उचललं.

"आधी कुंकू," काकू पुटपुटल्या. "मग सुपारी आणि अंगठी. मग दिवा."

"ठाऊक आहे."

ठाऊक नव्हतं. कुंकू नाकावर सांडलं. सुपारी घरंगळून फ्रिजखाली गेली, ती मी वाकून काढली. दिवा त्यांनी उलट्या बाजूने फिरवायला घेतला आणि काकूंनी त्यांचा हात धरून सरळ केला. पण ओवाळलं. अक्षता टाकल्या. शिऱ्याचा घास काकूंनी तोंडात घेतला आणि चेहरा वाकडा न करता गिळला. मला तेव्हा रडू आलं असतं, पण शिऱ्याची वाटी माझ्याही हातात होती.

"आता माझा भाग," काका म्हणाले.

मला कळेना कोणाची नक्कल करणार. काकांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरची काकूंची शाल खांद्यावर घेतली, भिंतीवरच्या फोनकडे गेले आणि रिसीव्हर उचलला. कानाला लावण्याआधी त्यांनी तो शालीच्या टोकाने पुसला. मग एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत ते बोलायला लागले.

"हॅलो? नो नो. लेडी ऑफ द हाउस इज नॉट हिअर. शी वेंट टू इंडिया. आय अ‍ॅम ओन्ली सिस्टर."

काकू जेवणाच्या वेळी फोन करून वस्तू विकणाऱ्यांना हेच सांगत. मीही ते रोज ऐकायचो.

"यू आर कॉलिंग फ्रॉम वेअर? यू एट समथिंग? नो? सो लेट?" काका बोलता बोलता खिडकीतून बाहेर वाकून बघत होते, गाडी आली का ते. फोनची वायर बोटाला गुंडाळून परत सोडत होते. "यू हॅव मदर? यू कॉल हर टुडे? फर्स्ट कॉल मदर. देन सेल टू मी."

फोन ठेवून त्यांनी नसलेला पदर खोचला, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "बिचारा. कोणाचा तरी मुलगा आहे."

हे शेवटचं मी कधीच ऐकलं नव्हतं. इतक्या हळू काकू ते म्हणत असल्या पाहिजेत.

काकू हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, नाकावरचं कुंकू ओघळलं. मग त्या एकदम थांबल्या.

"मी फोन पदराने पुसते?"

"नेहमी."

"आणि पाय घासते?"

"डावा. हिवाळ्यात जास्त."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. काकांनी शाल काढली आणि घडी घालायला घेतली. त्यांना घडी जमत नव्हती.

"म्हणजे बघत होतात," काकू म्हणाल्या.

 काकूंनी काकांच्या हातातली शाल घेतली, उलगडली आणि परत त्यांच्या खांद्यावर टाकली. मग खुर्चीत नीट सावरून बसल्या, खिडकीकडे तोंड करून.

"परत करा," त्या म्हणाल्या. "फोन वाजल्यापासून."